‘आमचं काम’ नेमकं कुठं लिहिलंय?

प्रश्न : (वाचकाच्या विनंतीवरून नाव, कंपनी आणि गाव वगळलं आहे.)
एका एमआयडीसीत, हायड्रॉलिक प्रेस असलेल्या कारखान्यात मी २३ वर्षं मेंटेनन्स फिटर आहे. अंतर्गत युनियनच्या कमिटीवरही आहे. आमच्या डिपार्टमेंटला आठ वर्षांपूर्वी १७ पर्मनंट होते, आज ९ उरलेत. रिटायर झालेल्यांच्या जागी एकही माणूस भरला नाही, ठेकेदाराची ७ मुलं आणली. दर शिफ्टला चार माणसं लागतातच. ही मुलं आधी ग्रीसिंग आणि साफसफाई करायची. आता सिलिंडरचं सील बदलतात, बेअरिंग ठोकतात, पॅनलही उघडतात. दोन महिन्यांपासून नाइटला फक्त तीच असतात आणि आमचा ओटी (ओव्हरटाइम) बंद झालाय. मेंबर भडकलेत. निम्मे म्हणतात टूल डाऊन (काम बंद) करा, ठेकेदाराच्या मुलांना गेटवर अडवा. काहींनी त्यांना टूल देणं आणि काम दाखवणं बंदच केलंय. करार सहा महिन्यांत संपतोय, त्याआधी जीबी (युनियनची सर्वसाधारण सभा) आहे. माझी अडचण अशी की त्या सातांत माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा आहे, आणि त्याला मीच लावलंय. आमचं काम आम्हाला परत कसं मिळवायचं? आणि जीबीत मी कोणत्या तोंडानं बोलू?

उत्तर :
तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे आणि त्यात ‘आमचं काम’ हे शब्द पानोपानी येतात. तेवीस वर्षं ज्या प्रेसचे आवाज ऐकून कुठला पंप रडतोय ते सांगता येतं, त्या प्रेसवरचं काम आपलं वाटणारच. पण एचआरच्या टेबलावर किंवा लेबर ऑफिसात पहिला प्रश्न येईल तो हा : ते काम तुमचं आहे असं लिहिलंय कुठं? म्हणून जीबीत काय बोलायचं ते नंतर बघू. आधी युनियनच्या कपाटातून मागचे तीन करार बाहेर काढा.

ते शांतपणे, पेन्सिल घेऊन वाचा. पगारवाढीचा तक्ता सगळ्यांना पाठ असतो, तो सोडून द्या. शेवटच्या दोन-तीन पानांवर ‘उत्पादकता’, ‘सर्वसाधारण’ किंवा ‘व्यवस्थापनाचे अधिकार’ अशा मथळ्याखालची वाक्यं बघा. ‘व्यवसायाच्या गरजेनुसार कामाची पुनर्रचना करण्यास युनियनचे सहकार्य राहील’ किंवा ‘गैरमहत्त्वाची कामे बाह्य यंत्रणेकडून करून घेण्यास हरकत असणार नाही’ अशा अर्थाची एखादी ओळ बऱ्याच करारांत सापडते. सही करताना कमिटीचं लक्ष रुपयांवर असतं आणि ही ओळ गाड्याबरोबर नळ्याची यात्रा करून येते. तुमच्या करारात ती असेल, तर कंपनीनं चोरून काही केलेलं नाही, तुमच्या सहीनं केलंय. उलट एखाद्या जुन्या करारात मेंटेनन्सची मंजूर पदसंख्या किंवा पदनिहाय कामांची यादी असेल, तर तुमच्या हातात मोठं हत्यार आहे. करार न पाळणं ही अनुचित कामगार प्रथा ठरते. महाराष्ट्राच्या एमआरटीयू-पीयूएलपी (कामगार संघटना मान्यता आणि अनुचित प्रथा प्रतिबंध) कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत ती नवव्या क्रमांकावर आहे, आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतल्या यादीतही आहे. राज्याच्या कायद्यात तक्रारीला घटनेपासून ९० दिवसांची मुदत असते. म्हणून ‘आठ वर्षांपासून चाललंय’ असं लिहू नका. नाइट शिफ्ट पूर्ण ठेकेदाराकडे कोणत्या तारखेला गेली ती नेमकी तारीख शोधा. दोन महिने झाले म्हणताय, म्हणजे तुमच्याकडे जेमतेम महिना उरलाय. या पत्रातली सगळ्यात घाईची गोष्ट हीच आहे.

आता एक अवघड प्रश्न, रागावू नका. पहिले तीन-चार जण रिटायर झाले तेव्हा नेमकं काय झालं? माझा अंदाज असा की उरलेल्यांचा ओटी वाढला. दुप्पट दरानं पैसे येत होते, घराचे हप्ते सुटत होते, आणि ‘जागा भरा’ असं पत्र कुणी दिलं नाही. ती चार-पाच वर्षं रिकाम्या जागा तुम्हीच ओटीनं भरून काढल्या. मग कंपनीनं हिशोब केला, दुप्पट दराच्या तासांपेक्षा ठेकेदाराचं बिल स्वस्त पडलं, आणि ओटी गेला. म्हणून जीबीत ‘आमचा ओटी परत द्या’ ही मागणी चुकूनही करू नका. ओटी मिळणं हा तुमचा हक्क नाही, आणि त्या मागणीतून एकही नवी जागा उभी राहत नाही. मागायच्या त्या जागाच मागा.

किती जागा? इथं बहुतेक कमिट्या ढोबळ बोलतात आणि तिथंच मार खातात. तुमच्याच आकड्यांवर हिशोब करू. वर्षाचे ३६५ दिवस, त्यातून ५२ साप्ताहिक सुट्ट्या गेल्या की ३१३. सणांच्या ८ पगारी सुट्ट्या वजा केल्या की कारखाना चालतो ३०५ दिवस. एका माणसाच्या २० हक्काच्या आणि १२ किरकोळ-आजारपणाच्या रजा धरल्या, तर तो प्रत्यक्ष कामावर असतो २७३ दिवस. (रजांचे आकडे तुमच्या करारातले घाला.) तीन शिफ्टला एक जागा चालवायची तर वर्षाला ३०५ गुणिले ३, म्हणजे ९१५ हजेऱ्या लागतात. भागिले २७३ केलं की एका जागेसाठी ३.३५ माणसं येतात. दर शिफ्टला चार जागा, म्हणजे १३.४ माणसं. तुम्ही ९ आहात. तूट चार ते पाच जणांची आहे, आणि ती वर्षभर, रोजची आहे. सातपैकी उरलेली दोन-तीन मुलं हेल्परच्या किंवा वरकामावर असतील, त्यांच्यावर भांडू नका. ‘सगळा ठेका बंद करा’ म्हणणाऱ्या कमिटीपेक्षा ‘साडेचार माणसांची कायमची तूट आहे, हा बघा हिशोब’ म्हणणारी कमिटी कंपनीला जास्त जड जाते.

हिशोबाला पुरावा लागतो, आणि तो गोळा करायला तुमच्याकडे सहा महिने आहेत. दोनशे पानी वही घ्या. रकाने आखा : तारीख, शिफ्ट, मशीन नंबर, काम, लागलेला वेळ, कुणी केलं, कुणी सांगितलं, टूल कुणाचं. एक नोंद अशी दिसेल : ‘प्रेस क्र. ४, मेन सिलिंडर गळती, सील बदललं, ३ तास १० मिनिटं, ठेकेदाराची २ मुलं, काम सांगितलं कंपनीच्या शिफ्ट इंजिनिअरनं, टूल कंपनीच्या स्टोअरमधलं, ठेकेदाराचा सुपरवायझर हजर नव्हता.’ खाली दोन मेंबरच्या सह्या. रोज लिहा, आठवड्याचं एकदम लिहू नका. एकाच शाईत, एकाच बैठकीत भरलेली वही उलटतपासणीत पाच मिनिटं टिकत नाही. आणि ब्रेकडाऊन स्लिपा, परमिटची पुस्तकं, पॅनलचे फोटो यांतलं काहीही मोबाइलमध्ये काढून बाहेर नेऊ नका. त्यावरून चार्जशीट निघते आणि मूळ विषय बाजूला पडून तुमची चौकशी सुरू होते. कागदपत्रं कंपनीकडं आहेत एवढं वहीत क्रमांकासकट लिहून ठेवा. प्रकरण उभं राहिलं की ती रीतसर मागवता येतात.

वहीत कामाचे तीन ढीग आपोआप पडतील. पहिला ढीग बाहेरच्या तज्ज्ञाचा : कंप्रेसर बनवणाऱ्या कंपनीची वार्षिक सर्व्हिस, क्रेनची दरवर्षी सक्षम व्यक्तीकडून होणारी तपासणी, पीएलसीचा (मशीनच्या कंट्रोलरचा) प्रोग्रॅम बदलणं. हे तुमचं काम कधीच नव्हतं. दुसरा ढीग शटडाऊनचा : दिवाळीच्या आठवड्यात चार प्रेस एकदम उघडायचे तर वीस हात जास्तीचे लागतातच. तिसरा ढीग रोजचा : सील, होज, बेअरिंग, लिमिट स्विच, ठरलेलं प्रिव्हेंटिव्ह. लढाई फक्त तिसऱ्या ढिगासाठी करा. तिन्ही ढीग एकत्र करून मागितले की व्यवस्थापन पहिल्या ढिगातलं एक उदाहरण उचलतं, ‘कंप्रेसरचा एअर-एंड तुम्ही खोलणार का?’ असं विचारतं, आणि बैठक तिथंच संपते.

कायदा थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या पत्रात ‘कंत्राटी पद्धत रद्द करायला कायदा आहेच’ असं वाक्य आहे आणि ते अर्धंच खरं आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम १० मध्ये सरकार एखाद्या कामातली कंत्राटी पद्धत बंद करू शकत असे. काम बारमाही आहे का, उद्योगाला गरजेचं आहे का, इतरत्र ते कायम कामगारच करतात का, पूर्णवेळ माणसं लागतील इतकं आहे का, हे त्यात बघायचे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या कलम ५७ नुसार काही अपवाद सोडले तर ‘मुख्य कामा’त कंत्राटी कामगार लावायला मनाई आहे, आणि मुख्य कामाला गरजेचं असलेलं कामही मुख्यच धरलं जातं. सफाई, सुरक्षारक्षक, कँटीन, माल चढवणं-उतरवणं, बागकाम, बांधकाम यांची वगळलेल्या कामांची यादी आहे. मशीन मेंटेनन्स त्या यादीत नावानं नाही. पण यादीच्या शेवटी ‘अधूनमधून चालणारं काम’ असा दरवाजा उघडा ठेवलाय. तुमची कंपनी त्याच दरवाजातून आत येईल, ‘ब्रेकडाऊन काय रोज होतो का?’ असं म्हणेल. तिथं तुमची वही कामाला येते. सहा महिन्यांच्या रोजच्या नोंदींपुढं ‘अधूनमधून’ हा शब्द टिकत नाही.

आता उरलेलं अर्धं. ठेका बंद झाला म्हणून त्या मुलांना कंपनीच्या मस्टरवर घ्यावंच लागतं, असं नाही. स्टील अथॉरिटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं ३० ऑगस्ट २००१ रोजी हे स्पष्ट केलं. करार निव्वळ दिखाऊ होता, खरा मालक कंपनीच होती, हे सिद्ध झालं तरच ती मुलं कंपनीची ठरतात. नुसता ‘ठेका हटाव’चा विजय मिळाला तर सात मुलं घरी जातील, त्यांत तुमचा भाचा असेल, आणि कंपनी ते काम वर्षभर तुम्हा नऊ जणांकडूनच ओढून घेईल किंवा नव्या नावाचा ठेकेदार आणेल. आगीतून फुफाट्यात.

त्याच वर्षी सिप्ला आणि कल्याणी स्टील्सच्या निकालांत कोर्टानं आणखी एक गोष्ट सांगितली : कंपनीच आमची मालक आहे हा मुद्दा वादाचा असेल, तर कंत्राटी कामगारांना थेट अनुचित प्रथेची तक्रार करता येत नाही, आधी ते नातं दुसऱ्या मार्गानं सिद्ध करावं लागतं. म्हणून ‘ठेका खोटा आहे’ ही लढाई मुलांच्या नावानं, वेगळी आणि लांबची आहे. तीत पगार कोण देतं आणि कामावर ताबा कुणाचा, हे बघितलं जातं. तुमच्या वहीतला ‘कुणी सांगितलं’ हा रकाना त्यासाठीच आहे. आणि तो दावा दाखल व्हायच्या आदल्या आठवड्यात ठेकेदार बदलला जातो, हे गृहीत धरा. अर्जासोबतच ‘या माणसांना काढू नये’ असा अंतरिम आदेश मागायचा असतो. तो मागायचं राहून गेलं की मुलं बाहेर आणि खटला आत.

तुमच्या युनियनची लढाई वेगळी आणि जवळची आहे : करार मोडला का, आणि सेवाशर्तींत बदल करताना २१ दिवसांची नोटीस दिली का. एखाद्या विभागातली किंवा शिफ्टमधली माणसं कमी-जास्त करणं हा नोटिशीचा विषय आहे, जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही. फूड कॉर्पोरेशनच्या गोदामात थेट कामावर असलेले हमाल असताना, नोटीस न देता पुन्हा ठेकेदार आणला, तेव्हा १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो बदल बेकायदा ठरवला होता. वकिलाकडं जाताना हा मुद्दा आणि नाइट शिफ्टची तारीख लिहून न्या. घटना कोणत्या तारखेची यावर जुनं कलम की नवं, ते ठरेल.

टूल डाऊनबद्दल. १४ दिवसांच्या नोटिशीशिवाय संप बेकायदा ठरतो. निम्म्या कामगारांनी ठरवून एकदम किरकोळ रजा टाकली, तरी नव्या संहितेत तो संपच आहे. दहा जणांनी मिळून काम बंद केलं की आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो. गेटवर मुलांना अडवणं तर त्याहून वाईट. बळजबरी, गो स्लो, घेराव हे युनियनच्या अनुचित प्रथांच्या यादीत आहेत. कंपनीला करारापूर्वी युनियनविरुद्ध मनाई हुकूम मिळवायला याहून सोपं निमित्त सापडणार नाही. आणि गेटवर अडवलेला मुलगा पुढं तुमच्या बाजूनं साक्ष देईल का? ती वही भरायला नाइटला तुमचा एकही माणूस नाही, हे विसरू नका. तिथं डोळे त्याच मुलांचे आहेत.

टूल न देणं, काम न दाखवणं, हे तर आजच थांबवायला हवं. त्यामागचं कारण चांगुलपणाचं नाही, धोक्याचं आहे. प्रेसखाली हात घालायचा तर मेन स्विच पाडून कुलूप, स्लाइडखाली सेफ्टी ब्लॉक, आणि अॅक्युम्युलेटरमधलं प्रेशर सोडून गेज शून्यावर आलेलं डोळ्यानं बघणं, एवढं लागतं. मोटर बंद असली तरी अॅक्युम्युलेटरमध्ये तेल दाबाखाली असतं. नवखा माणूस होज सैल करतो आणि तेल अंगात घुसतं. जुन्या माणसानं एकदा दाखवलं की कळतं, नाहीतर अपघातानं. लोटोचा (मशीन बंद करून कुलूप आणि टॅग लावण्याचा) नियम माणशी एक कुलूप, किल्ली ज्याची त्याच्या खिशात. ठेकेदाराच्या मुलांकडं मात्र बऱ्याचदा सगळ्यांत मिळून एकच कुलूप असतं आणि किल्ली सुपरवायझरच्या टेबलावर. दोघं आत असताना तिसऱ्यानं येऊन कुलूप काढलं तर? पॅनल उघडणाऱ्याकडं वायरमनचा परवाना आहे का, तेही बघा. यांतलं एकही नसेल तर सेफ्टी कमिटीत लेखी मुद्दा द्या, पोच घ्या. ‘नाइटला परवानाधारक माणसाशिवाय पॅनल उघडलं जातं’ हे पत्र, ‘ठेका बंद करा’ या दहा पत्रांपेक्षा लवकर हलतं. कारखान्याचा मॅनेजर त्याला स्वतः जबाबदार असतो. शिवाय परमिटवर सही तुमच्या माणसाची असेल आणि मुलगा जखमी झाला, तर चार्जशीट सही करणाऱ्यालाच मिळते.

आता माझं मत. ठेकेदाराची मुलं स्वस्त आहेत म्हणून ती तिथं आहेत. जोवर ती स्वस्त आहेत तोवर तुमच्या जागा भरल्या जाणार नाहीत, करारात काहीही लिहा. म्हणून त्यांचा पगार वाढवणं हे तुमच्या फायद्याचं आहे. कंत्राटी कामगार नियमांत ठेकेदाराच्या लायसन्सची एक अट अशी होती की मूळ मालकाचे कामगार जे काम करतात तेच किंवा तशाच प्रकारचं काम कंत्राटी कामगार करत असतील, तर वेतन आणि सेवाशर्तीही त्याच हव्यात. फिटरचं काम करणाऱ्या मुलाला हेल्परचा किमान वेतनदर मिळत असेल, तर मागणीपत्रात ‘मेंटेनन्समध्ये समान कामाला समान दर’ असं कलम घाला. कंपनी म्हणेल, ठेकेदाराच्या माणसांबद्दल तुम्ही का बोलता? म्हणून त्याआधी त्यांना सभासद करून घ्या.

तुमच्या युनियनच्या घटनेत सभासदत्वाची व्याख्या बघा. ‘कंपनीचे कायम कामगार’ असं लिहिलेलं असेल तर याच जीबीत दुरुस्तीचा ठराव आणा आणि तो नोंदणी अधिकाऱ्याकडं कळवा. तुमच्या मेंबरना भीती वाटेल की ही पोरं संख्येनं आपल्याला गिळतील. वाटाघाटीच्या मान्यतेसाठी नव्या संहितेत मस्टरवरच्या कामगारांपैकी ५१ टक्के पाठिंबा बघतात. ठेकेदाराची मुलं कंपनीच्या मस्टरवर नसतात, त्यांनी ते गणित बिघडत नाही. बिघडतं ते रिटायरमेंटनं. सतरावर असताना तुमचा विभाग बंद पडला तर प्रेसशॉप थांबायचा, आज नऊ जण थांबले तर नाइट सुरूच राहते. कमिटीनं हे आकडे फळ्यावर लिहावेत. सभासदत्वाची वर्गणी कमी ठेवा, कमिटीत त्यांची एक जागा ठेवा, आणि त्यांची नावं लगेच कंपनीला देऊ नका.

मुंबईत पालिकेच्या कंत्राटी सफाई कामगारांना त्यांच्याच कचरा वाहतूक श्रमिक संघानं बांधलं, आणि एप्रिल २०१७ मध्ये २,७०० जणांना कायम करण्याचा न्यायाधिकरणाचा आदेश सुप्रीम कोर्टानं उचलून धरला. त्याला लागलेली वर्षं बघता तो रस्ता छोटा नाही. (पालिका, दवाखाने, वीज क्षेत्रातल्या ज्या वाचकांनी असेच प्रश्न पाठवलेत त्यांच्यासाठी एक गोष्ट : सफाई वगळलेल्या यादीत आहे खरी, पण ज्या संस्थेची स्थापनाच त्या कामासाठी झालीय तिला ती पळवाट वापरता येत नाही.)

मग करारात काय मागायचं? सगळ्यात आधी परिशिष्ट : तिसऱ्या ढिगातल्या कामांची मशीननिहाय यादी, ‘ही कामे कायम कामगारच करतील’ या ओळीसह. मग तूट : साडेचार जागा दोन वर्षांत, निदान दोन पहिल्या सहा महिन्यांत. मग पुढच्यासाठी : निवृत्ती, राजीनामा किंवा मृत्यूनं रिकामी झालेली जागा ९० दिवसांत भरणं, आणि भरताना त्याच विभागात दोन वर्षं काम केलेल्या आयटीआय झालेल्या कंत्राटी मुलांना ज्येष्ठतेनं प्राधान्य. ज्येष्ठता पहिल्या दिवसापासून मोजायची, ठेकेदार बदलला तरी. हे वाक्य नसेल तर यादी दरवर्षी शून्यावर येते. चौथं, नाइटला किमान एक पर्मनंट फिटर. कंपनी मधला मार्ग म्हणून मुदतीच्या नेमणुका देऊ करेल. त्यांत नियमित कामगारासारखे लाभ आणि वर्षभरानंतर ग्रॅच्युइटी आहे, म्हणून ठेकेदारापेक्षा बऱ्या, पण मुदत संपली की माणूस बाहेर. घ्यायच्याच तर ‘मुदतीनंतर रिक्त जागेवर प्रथम हक्क’ लिहून घ्या. ट्रेनी, अॅप्रेंटिस अशा नावांनी माणसं येऊ नयेत म्हणून यादीत ‘प्रशिक्षणार्थींसह’ हा शब्द घाला. सही शक्यतो समेट अधिकाऱ्यासमोर करा. तिथला करार सगळ्यांना बांधतो, दोघांतला फक्त सही करणाऱ्यांना.

आणि द्यायचं काय? काहीतरी द्यावं लागेल. तुमच्या पत्रात एक ओळ निसटती आलीय : नवी सर्व्हो प्रेस आली तेव्हा ट्रेनिंगला ‘आमच्यातले दोघं गेलेच नाहीत’. कंपनी नेमकं हेच पुढं करेल. पर्मनंट नाइट टाळतात, ड्राइव्हला हात लावत नाहीत, ‘हे माझं काम नाही’ म्हणतात. म्हणून वाटाघाटीत आधीच सांगा की नऊही जण हायड्रॉलिक आणि ड्राइव्हचं ट्रेनिंग घेतील, फिटर-इलेक्ट्रिशियन एकमेकांची पहिल्या पायरीची कामं करतील, आणि नाइटची पाळी फिरती राहील. पन्नाशीतल्या माणसाला नाइट नको असते, ते कळतं. पण नाइट सोडली की ती जागा सोडली. तुमचा विभाग सध्या तिथंच सुटलाय.

भाच्याचं जीबीत लपवू नका. कुणीतरी उठून बोलेलच, त्याआधी तुम्ही उभे राहा आणि सांगा : ‘माझा भाचा ठेकेदाराकडं आहे, मीच लावलाय. म्हणून ज्येष्ठतेची यादी करणाऱ्या उपसमितीत मी बसणार नाही.’ ते इतिवृत्तात नोंदवून घ्या. एवढं केलं की ‘स्वतःच्या पोराला चिकटवायला निघालाय’ हा आरोप उरत नाही, आणि ‘ही आपलीच पोरं आहेत’ हे वाक्य तुमच्या तोंडी खरं वाटतं. बाकीच्या सहा मुलांचेही कुणीतरी मामा-काका तुमच्याच हॉलमध्ये बसलेले असतील.

भाच्यासाठी या रविवारी तासभर काढा. त्याची पगाराची चिठ्ठी बघा : पद काय लिहिलंय, हेल्पर की फिटर? मोबाइलवर यूएएननं (पीएफच्या कायम क्रमांकानं) पीएफचं पासबुक उघडा, दर महिन्याला भरणा दिसतो का, ठेकेदार बदलला तेव्हा नवा नंबर तर काढला नाही ना. ईएसआयचं कार्ड चालू आहे का. ठेकेदारानं दिलेलं ओळखपत्र किंवा नेमणुकीचा कागद, जो असेल तो, आणि गेटपास, दोन्हींची झेरॉक्स घरी ठेवा. बँकेत पूर्ण पगार जमा होऊन त्यातला काही भाग ठेकेदार रोखीनं परत घेतो का, हे त्याला एकट्यात विचारा, आईसमोर तो सांगणार नाही. ठेकेदारानं पगार किंवा पीएफ बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, हे त्याला माहीत नसतं. आणि त्याला स्वतःचं कुलूप मिळालंय का, ते मात्र रविवारची वाट न बघता उद्याच्या शिफ्टला बघा.